‘विचारून सांगते’

आपल्याकडे बाईला तिच्यापुरते काही विचारले, की उत्तर ठरलेले असते : ‘घरी विचारून सांगते.’ लुगड्याच्या रंगाबाबत हे उत्तर गोड वाटते. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीबाबतही तेच ऐकू येते, तेव्हा मन थबकते.

हा रोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचा छडा लावणाऱ्या हेराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लस जगात २००६ पासून आहे. पुण्यात तयार झालेली देशी लसही आता मिळते. तरी २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे ८०,००० स्त्रिया या रोगाने दगावल्या, असा अंदाज आहे. याला दैव कसे म्हणावे?

मग बायका कचरतात का? अज्ञान, हे उत्तर मला अपुरे वाटते. विषाणू पसरतो तो शरीरसंबंधातून. म्हणून लस त्याआधी, नऊ ते चौदा या वयात दिलेली बरी. इथेच आईचा जीव अडखळतो. ‘आमची मुलगी तसली नव्हे!’ अहो, पावसाळ्याआधी घर शाकारणारा काही पावसाला आवतण देत नाही. आणि अगदी सरळमार्गी स्त्रीलाही हा विषाणू तिच्या संसारातच गाठू शकतो. त्यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००९ साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील बडोदे जिल्ह्यांत या लशीचा एक प्रकल्प सुरू झाला. २०१० साली तो थांबवावा लागला. त्या काळात झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंशी लशीचा संबंध चौकशीत दिसला नाही. परंतु वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डननीच सह्या केल्याचे उघड झाले. लशीत खोट नव्हती. खोट विचारण्याच्या रीतीत होती. भल्यासाठी का होईना, माणसाला गृहीत धरले की त्याचा विश्वास उडतो.

म्हणून बाईने विचारू नये, असे मी म्हणणार नाही. जरूर विचारावे, मात्र डॉक्टरांना, आणि माहितीसाठी. लस घेतल्यावरही तिशीनंतर तपासणी लागतेच, हेही तिथे कळेल. माहिती विचारणे वेगळे आणि स्वतःच्या जिवासाठी परवानगी मागणे वेगळे. आणि घरच्या पुरुषांनी ‘परवानगी दिली’ म्हणण्याऐवजी ‘तुला काय वाटते?’ एवढेच विचारून पाहावे. फराळाच्या ताटावर हा प्रश्न निघाला, तर सणाचे काही बिघडणार नाही.