उवांचा हिशेब

नॉर्वेच्या किनाऱ्यावर सॅल्मन पाळणाऱ्याला दर आठवड्याला एक मोजदाद करावी लागते. समुद्रात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांतून थोडे मासे काढायचे, त्यांना भूल द्यायची आणि अंगावरच्या उवा मोजायच्या. एका माशामागे प्रौढ मादी उवांची सरासरी ०.५ च्या आत राहिली पाहिजे. वसंतात जंगली सॅल्मनची पिल्लं नद्यांतून समुद्राकडे निघतात, तेव्हा काही आठवडे ही मर्यादा ०.२ वर येते. म्हणजे पाच माशांमागे एक ऊ. हे प्रथम वाचलं तेव्हा मला वाटलं, किती काळजी घेतात हे लोक आपल्या माशांची! ही काळजी नेमकी कोणाची, हा प्रश्न नंतर पडला.

ही ऊ आपल्या केसांतली नव्हे. ती कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या कुळातली, सुमारे सेंटिमीटरभर लांबीची. माशाची त्वचा, अंगावरचा चिकट स्राव आणि रक्त यांवर ती जगते. जंगली सॅल्मनशी तिचं नातं फार जुनं आहे. सॅल्मन अंडी घालायला नदीत शिरला की गोड्या पाण्यात ऊ टिकत नाही, काही दिवसांत गळून पडते. म्हणून नदीत पकडलेल्या सॅल्मनच्या अंगावर ऊ दिसली, तर मासा नुकताच समुद्रातून आला आहे असं समजून गळ टाकणारे खूश होत. ऊ तेव्हाही होती, पण तिचं संकट झालं नव्हतं.

१९७० च्या सुमाराला हित्रा बेटाजवळ तरंगत्या पिंजऱ्यांत सॅल्मन वाढवण्याचा प्रयोग यशस्वी झाला. आज नॉर्वे वर्षाला दहा लाख टनांहून जास्त सॅल्मन पिकवतो, आणि एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. आता साधा हिशेब करू. दोन लाख मासे, माशामागे अर्धी मादी, म्हणजे एका पिंजऱ्यात एक लाख माद्या. प्रत्येकीच्या अंगावर एका वेळी शेकडो अंडी. नियम काटेकोर पाळूनही कोट्यवधी पिल्लं प्रवाहाबरोबर बाहेर पडतात. तीन-चार किलोच्या पाळीव माशाला एखाद-दुसरी ऊ फारशी बाधत नाही. नुकत्याच समुद्रात आलेल्या जंगली पिल्लाचा जीव मात्र दहा-बारा उवाही घेऊ शकतात. तेव्हा ही मर्यादा आहे ती मुख्यतः पिंजऱ्याबाहेरच्या माशासाठी. उपचार सोसायचा तो पिंजऱ्यातल्या माशानं.

आधी औषधं आली. उवांना त्यांची सवय झाली आणि औषधं बोथट झाली. शिवाय ती पाण्यात उतरून इतर जिवांना बाधू लागली. मग गरम पाणी आलं. थंड समुद्रात वाढलेल्या माशाला तीसेक अंशांच्या पाण्यातून जेमतेम अर्धा मिनिट काढायचं, की उवा सुटतात. त्या पाण्यात सॅल्मन तडफडतो. २८ अंशांच्या वर त्याच्या वागण्यात वेदनेची लक्षणं दिसतात, हे नॉर्वेतल्याच संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. माशाला कसल्या वेदना, असं म्हणण्याची सोय त्याही आधी गेली होती. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचलं, तेव्हा ते मासे ओठ तळाच्या खडीवर घासत राहिले.

सॅल्मनचा हा त्रास वाचावा म्हणून आणखी एक उपाय मोठ्या प्रमाणावर वापरात आला: उवा टिपून खाणारे मासे पिंजऱ्यात सोडायचे. त्यांतला एक लंपफिश. गोल, खडबडीत अंगाचा, पोहण्यात मंद. पोटावरच्या चकतीनं तो खडकाला चिकटून बसतो. मादी अंडी घालून निघून जाते, आणि नर त्यांना पाण्याचा वारा घालत राखण करतो. असा हा बैठा मासा पिंजऱ्यात आणतात, आणि त्याला टेकायला प्लास्टिकचं शेवाळ टांगतात. ऐन भरात वर्षाला पाच कोटींहून अधिक मासे या कामाला लावले जात होते. त्यांतले पुष्कळ काही महिन्यांत मरतात. मेलेला लहान मासा लवकर कुजतो, त्यामुळे नेमके किती गेले हे कळणंही अवघड. जे उरतात, ते सॅल्मनची तोडणी झाली की बहुधा मारले जातात. इंग्रजीत त्यांना 'क्लीनर फिश' म्हणतात. कामावरून जीवाचं नाव पडलं की त्याचं बाकीचं आयुष्य दिसेनासं होतं, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको.

नॉर्वेचा २००९ चा प्राणी कल्याण कायदा मानतो, की माणसाला होणाऱ्या उपयोगापलीकडे प्राण्याला स्वतःचं मूल्य असतं. त्या कायद्यात मासे येतात, खेकडे येतात, मधमाश्याही येतात. ऊ येत नाही. लंपफिश येतो. आणि तरीही त्याचं जगणं उपयोगापाशी सुरू होऊन उपयोगापाशीच संपतं.

या साऱ्यात मला कोणी दुष्ट सापडत नाही. मर्यादा घातली ती जंगली पिल्लांच्या दयेपोटी. औषधं सोडली ती समुद्र राखायला. लंपफिश आणला तो सॅल्मनवर उपचारांचा मारा कमी व्हावा म्हणून. एकेक निर्णय सुटा घेतला तर समर्थनीय आहे. पण एकत्र पाहिलं तर दुःख कमी झालेलं दिसत नाही, फक्त पुढे सरकलेलं दिसतं, आणि दर वेळी ज्याची मोजणी कमी त्याच्याकडे. चूक करुणेत नाही. चूक ती कुठून सुरू करायची यात आहे. पिंजऱ्यातली दाटी आपण आकाशासारखी गृहीत धरली, आणि तिच्याखाली कोणी किती सोसायचं एवढंच ठरवत बसलो.

याला अपवाद आहे. २०१७ पासून नॉर्वेनं किनाऱ्याचे तेरा विभाग करून त्यांना सिग्नलसारखे रंग दिले. उवांमुळे जंगली पिल्लं फार मरत असतील तो विभाग लाल, आणि तिथे उत्पादन सहा टक्के कमी करायला लावता येतं. इथे निदान संख्येला हात लागला. पण हा दिवाही जंगली माशाकडे पाहूनच पेटतो. २०२३ मध्ये समुद्रातल्या पिंजऱ्यांत सहा कोटींहून अधिक सॅल्मन तोडणीआधीच मेले. त्यांच्यासाठी असा दिवा नाही.

कोणी म्हणेल, जगाला खायला घालायचं तर एवढं चालायचंच. किनाऱ्यावरच्या गावांची रोजीरोटी त्यावर आहे, हे खरं, आणि तो आक्षेप मला हलका वाटत नाही. पण सॅल्मन हे भुकेल्याचं अन्न नाही.

मी मासे खातो. आपल्याकडे ज्याला 'इंडियन सॅल्मन' म्हणून विकतात तो रावस मला आवडतो, सॅल्मनशी त्याचं काही नातं नसलं तरी. खाल्लेल्या माशाबद्दल कोणी विचारलं तर माझ्याकडे एक तोकडं उत्तर असतं: मला भूक होती. लंपफिशबद्दल तेही नाही. त्याला कोणी खाल्लं नाही, खावंसंही वाटलं नाही. दुसरा कोणी स्वच्छ अंगानं ताटात यावा म्हणून तो जगला आणि मेला. एक मासा खाताना मी प्रत्यक्षात किती माशांचा देणेकरी होतो, हे ताट सांगत नाही. ते आपणच विचारायचं असतं, आणि उवा मोजण्याच्या आधी.