प्रमाणपत्र आणि आठवी आज्ञा

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेचे दिवस आणि बारावीच्या परीक्षेचे दिवस फेब्रुवारीत जवळजवळ एकत्रच येतात. यात्रेत मदतीला जाणाऱ्या धर्मगुरूंपुढे मेणबत्त्या आणि हारांबरोबर परीक्षेची प्रवेशपत्रेही आशीर्वादासाठी धरली जातात. मी ती हाती घेतो, क्रुसाची खूण करतो आणि परत देतो. अशाच एका यात्रेत, गर्दी ओसरल्यावर, एक परिचित गृहस्थ भेटावयास आले. ते कनिष्ठ महाविद्यालयात भाषा शिकवतात. बाकावर बसता बसता म्हणाले, "फादर, मी खोटी साक्ष देतो. दरवर्षी देतो."

(हे पापनिवेदनात सांगितलेले नव्हे, आणि ते लिहिण्यास त्यांची संमती आहे.)

त्यांचा प्रश्न असा होता. बारावीला भाषा विषयात लेखी परीक्षेचे ८० गुण असतात. उरलेले २० गुण तोंडी परीक्षेतून महाविद्यालयातच दिले जातात. ज्याला दोन वाक्ये सरळ बोलता येत नाहीत, त्यालाही ते १८ देतात. "बारा दिले तर ते खरे होईल. पण त्याच कुवतीच्या मुलाला शेजारच्या महाविद्यालयात वीस मिळालेले असतात. माझ्या खरेपणाची शिक्षा मला झाली असती तर सोसली असती. ती माझ्या विद्यार्थ्याला होते."

मी त्यांना पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले. परोपकारासाठी बोललेल्या असत्यालाही संत ऑगस्टिन यांनी सूट दिलेली नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही ते पापच मानले, मात्र सौम्य मानले. ते ऐकून घेऊन निघून गेले. आपण प्रश्नाला हातही लावला नाही, हे मला रात्री उमगले.

'प्रमाणपत्र' या शब्दात 'प्रमाण' आहे. पुण्यात गुरुविद्यालयात असताना आम्हाला ख्रिस्ती तत्त्वज्ञानाबरोबर न्यायदर्शनही शिकवीत. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोण? वस्तू जशी आहे तशी जो जाणतो, आणि जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा असते, तो. दोन्ही अटी एकाच माणसात असाव्या लागतात. बारावीचे प्रमाणपत्र हे असेच शब्दप्रमाण आहे. ज्याने त्या मुलाला कधी पाहिले नाही, तो मालक किंवा प्राचार्य त्या कागदावर विश्वास ठेवून त्याला दारातून आत घेतो.

आता अडचण पाहा. परीक्षा मंडळ तीन तासांच्या उत्तरपत्रिकेवरून बोलते. ते पुष्कळसे निःपक्षपाती असते, पण मुलाला जाणत नाही. वर्गशिक्षक त्याला दोन वर्षे जाणतो, पण जाणतो ते सांगत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मंडळाच्या परीक्षांचे ओझे कमी करावे, वर्षात दोन संधी द्याव्यात, आणि शिक्षकाबरोबरच सहाध्यायी व खुद्द विद्यार्थी यांचेही मूल्यमापन प्रगतिपत्रकात यावे, असे सुचविले. साक्षीदाराची जागा मंडळाकडून शिक्षकाकडे सरकविणारी ही सुधारणा आहे. मला ती मनापासून पटते. आमच्या बोर्डिंगमधून पहिल्या पिढीतली जी मुले शिकून बाहेर पडली, त्यांतली कितीतरी तीन तासांच्या कागदावर मावणारी नव्हती.

पण आपण कसे साक्षीदार आहोत, याचा पुरावाही समोर आहे. दहावीला भाषांचे शाळांकडे असलेले २० गुण २०१८-१९ मध्ये बंद करण्यात आले. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ चा ७७.१० टक्के लागला. गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हे मान्य. तरीही ही दरी त्यामुळेच पडली, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. पुढे २०२१ मध्ये महामारीमुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि दहावी, अकरावी व बारावीच्या गुणांना ३०, ३० व ४० टक्के भार देऊन निकाल लावला गेला. तो ९९.६३ टक्के लागला. त्या भयंकर वर्षात कोणी कठोर व्हावे, असे मी म्हणणार नाही. किती घरांत त्या काळात प्रेतयात्रासुद्धा निघू शकली नाही, हे मी पाहिले आहे. पण महामारी ओसरली तरी सवय राहिली.

याच्या मुळाशी दयेविषयीचा एक गैरसमज आहे, असे मला वाटते. गेल्या दशकात गुणपत्रिकेवरील 'अनुत्तीर्ण' हा शब्द वगळून पुन्हा परीक्षेस पात्र, कौशल्य विकासास पात्र, अशा अर्थाचे शेरे आले. मी या बदलाच्या बाजूचा आहे. एका काळी 'मॅट्रिक फेल' ही माणसाला जन्मभर चिकटणारी उपाधी होती. ती सत्यापेक्षा जास्त बोलत असे. नवा शेरा मुलाला इंग्रजी आले नाही, हे लपवीत नाही. पुढचे दार कोणते, एवढे तो सांगतो. बारा गुणांचे अठरा करणे ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे मुलाला दार दाखविले जात नाही. तो आत आला आहे, असे त्याला सांगितले जाते. पहिल्या मुलाखतीत त्याला कळते की आपण बाहेरच उभे आहोत.

खरे असूनही सांगू नये, असेही काही असते, हे जाता जाता नोंदवतो. जानेवारी २०२५ मध्ये बारावीच्या प्रवेशपत्रांवर विद्यार्थ्याचा जातप्रवर्ग छापला गेला. शाळेच्या दप्तरातील नोंद मुलांना तपासता यावी, हा मंडळाचा हेतू होता. टीका होताच ती प्रवेशपत्रे मागे घेण्यात आली. नोंद खरी असेल, पण पर्यवेक्षकाला तिचे काय प्रयोजन? नगर जिल्ह्यातून नाशकात आलेल्या आमच्या कुटुंबांना हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्यांवर बोट ठेवण्याआधी माझे सांगितले पाहिजे. धर्मग्रामाच्या कचेरीत चारित्र्याचे दाखले मागायला मुले येतात. ज्याला मी मिस्सेत उणापुरा दोनदा पाहिला, तोही "मला चांगला परिचित, सुशील व मेहनती" असे लिहून घेऊन गेलेला आहे. आई समोर उभी होती आणि शिक्का हाताशी होता. तेव्हा त्या शिक्षकाहून मी निराळा नाही.

एकट्याने खरे बोलल्यास त्याची किंमत दुसरा मोजतो, हा त्यांचा युक्तिवाद मला अजूनही पूर्ण खोडता आलेला नाही. म्हणूनच हे एकट्याचे काम नव्हे. आपल्या धर्मप्रांतातील शाळांना मंडळाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. चार शाळांनी एकमेकांच्या मुलांची तोंडी परीक्षा घ्यावी, मोबाईलवर ती ध्वनिमुद्रित करावी, आणि बारा म्हणजे काय व अठरा म्हणजे काय, हे शिक्षकांनी एकत्र बसून ऐकून ठरवावे. खर्च फारसा नाही. पालकांचा रोष मात्र सोसावा लागेल, आणि त्यातले बरेच पालक रविवारी पहिल्या बाकावर बसणारे असतील.

ते शिक्षक परवा पुन्हा आले होते. गेल्या वर्षी त्यांनी तोंडी परीक्षेची तयारी जुलैतच सुरू केली. दर शनिवारी एकेका मुलाला दहा मिनिटे बोलते केले. "बारावाला अठरापर्यंत नाही पोहोचला, फादर. पंधरा झाले. पंधराच दिले. घरी आधी सांगून ठेवले होते."

त्या मुलाची आई त्यांच्याविरुद्ध तक्रार घेऊन माझ्याकडे येऊन गेली आहे. शेजारणीच्या मुलाला वीस आहेत, असे ती म्हणते, आणि ते खरे आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही तिघे बसणार आहोत. मुलालाही मी बोलावले आहे.