सायकलस्वाराचे देणे

रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळा मार्ग बांधला, तर त्याच्या खर्चाचा वाटा सायकलस्वारांनी उचलावा काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण कर कशासाठी द्यायचा, हा न्यायाचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०१७ साली असा कायदाच केला. दोनशे डॉलर वा अधिक किमतीच्या नव्या सायकलीमागे पंधरा डॉलर कर बसला. जो वापरतो त्याने द्यावे, हे तत्त्व ऐकताक्षणीच पटते.

तरी थोडे थांबा. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल कराविषयी बोलताना जे ग्रीक क्रियापद योजतो, त्याचा अर्थ नुसता ‘देणे’ नव्हे, तर ‘परत देणे’, ‘फेडणे’ असा आहे. भाषांतर करताना या छटेपाशी मी नेहमी थबकतो. कर हा दंड नव्हे आणि दानही नव्हे. ते ऋण आहे. मग सायकलस्वाराचे ऋण ते किती?

१९५० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांवरून अभियंत्यांनी एक ढोबळ नियम काढला. आसावरचा भार दहापट झाला, की रस्त्याची झीज सुमारे दहा हजार पट होते. या हिशेबात सायकलीची झीज जवळजवळ शून्य. शिवाय वेगळा मार्ग लागतो तो सायकलींच्या आपसांतील टकरींमुळे नव्हे, तर मोटारींच्या वेगामुळे. ज्याला धोका आहे त्याच्याकडूनच कुंपणाचे पैसे मागावेत, हा कुठला न्याय?

तुम्ही म्हणाल, मोटारवाला वाहनकर भरतो, सायकलवाला मात्र फुकट जातो. पण शहरातील रस्ते बऱ्याच अंशी सर्वांच्या करांतून होतात. सायकल घेताना वस्तू व सेवा कर द्यावाच लागतो. घरभाड्यातूनही मालमत्ता कराचा भार भाडेकरूवर येतोच. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना शाळेत जाण्याकरिता सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या वाटेचे मोल मागायचे, हे विसंगत ठरेल.

मग सायकलस्वार ऋणमुक्त आहे काय? नाही. हौसेखातर महागडी सायकल घेणाऱ्या सधन माणसाने आपला वाटा जरूर द्यावा. परंतु तो सायकलस्वार म्हणून नव्हे, तर ऐपतीप्रमाणे कर भरणारा नागरिक म्हणून. आणि एक देणे तर गरीब-श्रीमंत प्रत्येक सायकलस्वारावर आहे. पदपथावरून जाणारी म्हातारी त्याच्याहूनही दुर्बळ आहे. मोटारवाल्याकडून तो जी सावधगिरी मागतो, तीच त्याने तिला द्यावी. हे ऋण पैशाने फिटत नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी ‘यांनीही पैसे द्यावेत’ असे ओठांवर येईल, तेव्हा आधी स्वतःला विचारा: या रस्त्यावर माझे देणे किती?