माळवदाचा कठडा

मननासाठी वचन: अनुवाद २२:८



मोशेच्या पाचव्या पुस्तकात घर बांधणाऱ्यासाठी एक लहानशी आज्ञा आहे. जो नवे घर बांधील त्याने आपल्या धाब्यास कठडा करावा. कठडा नसल्यामुळे कोणी वरून पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. मोठमोठ्या आज्ञांमध्ये ही आज्ञा गवंड्यास केलेल्या सूचनेसारखी दिसते, व वाचताना आपण ती सहज ओलांडून पुढे जातो. परंतु आपल्या गावच्या प्राथमिक शाळेत जाणाऱ्या लेकरांचा विचार करताना आपण ह्याच वचनापाशी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट ही की, शास्त्र माळवदास वाईट म्हणत नाही. सोलापूरकडे व मराठवाड्यात ज्यांनी माळवदाची घरे पाहिली आहेत, त्यांस हे सांगावयास नकोच. तेथे धान्य वाळते, सांडगे-कुरडया वाळतात, उन्हाळ्यात सर्व कुटुंब तेथे निजते. पवित्र शास्त्राच्या देशातही असेच होते. राहाबेने हेरांस आपल्या धाब्यावर ताग्याच्या काड्यांखाली लपविले. पेत्र यापो गावी प्रार्थनेस धाब्यावरच गेला. ज्या जागी अन्न वाळते व प्रार्थना होते, ती जागा चांगलीच होय. पण ती उंच आहे, म्हणून तिला कठडा पाहिजे.

असेच एक नवे माळवद अलीकडे आपल्या घरांवर चढले आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या व मुलांचे धडे मोबाइलवर येऊ लागले. कित्येक आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मोबाइल विकत घेतला. शाळा पुन्हा उघडल्या, परंतु मोबाइल घरातच राहिला. त्यावर लेकरू कविता ऐकते, पाढे म्हणते, दूर कामाला गेलेल्या बापाचे तोंड पाहते. ह्या सर्व चांगल्या गोष्टी आहेत. तथापि त्याच वाटेने अनोळखी माणूसही घरात येतो. तो खेळात भिडू होऊन गोड बोलतो, नाव विचारतो, शाळा विचारतो, मग फोटो मागतो. आणि फोटो हाती आला म्हणजे, 'मी सांगतो तसे कर, नाहीतर हा तुझ्या बापास दाखवीन,' अशी धमकी देतो. आठ-नऊ वर्षांच्या लेकरास ही उंची कोठून दिसावी?

दुसरी गोष्ट ही की, कठडा करावयाची आज्ञा घरधन्यास आहे, लेकरास नव्हे. 'जपून खेळ' असे मुलास सांगितले म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे शास्त्र म्हणत नाही. ज्याने घर बांधले त्यानेच कठडा बांधावा. मग आपला कठडा कशाचा? तो काही पैशाने विकत आणावयाचा नाही. लेकराने मोबाइल पाहावा तो ओसरीवर, चार माणसांत, गोधडीखाली नव्हे. रात्री निजताना मोबाइल मुलाच्या उशाशी नसावा, तो कोनाड्यात ठेवावा. नाव, गाव, शाळा, फोटो व मोबाइलवर येणारे गुप्त आकडे परक्यास द्यावयाचे नाहीत, हे मुलास पुन्हा पुन्हा व मायेने सांगावे. आणि आपण स्वतः जेवताना मोबाइल बाजूला ठेवावा. कारण बाप ज्या कडेवर बसतो त्याच कडेवर मूलही जाऊन बसते.

येथे आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. कधी कधी धक्का देणारा परका नसतो, आपलाच असतो. एखादे पोर वर्गात रडले, पडले, अडखळले, की त्याचे चित्र काढून ते गावभर फिरविले जाते व मोठी माणसेही हसतात. त्या पोरास दुसऱ्या दिवशी त्याच शाळेच्या दारातून आत जावयाचे असते. लहानांपैकी एकास जो अडखळवितो त्याच्याविषयी आपला प्रभू किती कडक शब्द बोलला, ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात काढून पाहावे. लेकराची लाज ही आपल्या करमणुकीची वस्तू नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे वचन पुन्हा नीट वाचा. कोणी पडला तर दोष कोणावर येतो? पडणाऱ्यावर नव्हे, तर घरावर. 'तू कडेला गेलासच का?' हा प्रश्न शास्त्र विचारीत नाही. आपण मात्र तोच प्रश्न प्रथम विचारतो. लेकरू घाबरत घाबरत येऊन काही सांगू लागले की आपला हात उठतो, मोबाइल हिसकावला जातो, आणि मुलगी असेल तर तिची शाळाच बंद करण्याची भाषा होते. बंधूंनो, दुष्टाचे सर्व बळ ह्याच भीतीत आहे. लेकरू आईबापास सांगणार नाही, हे त्यास पक्के ठाऊक असते. ज्या घरात लेकरू न भिता सांगू शकते, तेथे त्याचे हत्यार बोथट होते.

म्हणून लेकरू अबोल झाले, जेवेनासे झाले, शाळेस जावयास टाळू लागले, मोबाइल वाजताच दचकू लागले, तर त्यास जवळ घ्या व हळू विचारा. त्याने सांगितले तर पहिला शब्द हा असू द्या: 'तू सांगितलेस हे चांगले केलेस, दोष तुझा नाही.' मग धमकी देणाऱ्यास पैसे देऊ नका. त्याने पाठविलेला मजकूर पुसून टाकू नका, तो पुरावा होय. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, व मोबाइलवरून पैशांची फसवणूक झाल्यास १९३० हा आहे. लेकराच्या अब्रूवर कोणी हात टाकला असेल, तर २०१२ सालच्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते ठाऊक असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. 'घरची गोष्ट घरात राहू द्या' हा सल्ला अशा वेळी पाळकाने, पंचाने किंवा शिक्षकाने कोणीही देऊ नये.

चौथी गोष्ट ही की, एकट्या घराचा कठडा पुरत नाही. आपल्या गावात माळवदास माळवद लागलेले असते. मूल एका घरावरून दुसऱ्यावर सहज उडी मारते. तुमच्या घरी मोबाइल कोनाड्यात ठेवला, तरी शेजारच्या घरी तो उघडाच असतो. म्हणून हे काम सर्व गावाने मिळून करावयाचे आहे. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तेथील ग्रामस्थांनी २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात एकविचाराने ठरविले की, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला म्हणजे दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद ठेवावयाचे, आणि मुलांनी अभ्यासास बसावयाचे. एका घराने हे केले असते, तर त्या घरचे लेकरू रडले असते. सर्व गावाने केले, म्हणून कोणत्याच लेकरास आपण एकटे पडलो असे वाटावयाचे कारण उरले नाही.

आपल्याही हाती साधन आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. परंतु किती ठिकाणी आपण केवळ सही करून घरी परततो! ह्यापुढे सभेस जाऊन बसा. लेकरांचे फोटो कोठे जातात, मधल्या सुट्टीत एकटे कोण बसते, अडचणीत सापडलेल्या मुलाने कोणत्या बाईंकडे जावे, हे विचारा. प्रश्न भांडणासाठी नव्हे, शिक्षकांच्या खांद्यास खांदा लावण्यासाठी विचारा. अक्षर न येणारी आजीसुद्धा शाळा सुटताना पारावर येऊन बसली, तर ती कठड्याचा एक दगडच झाली.

जखऱ्या संदेष्ट्याने आपल्या आठव्या अध्यायात पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र काढले आहे. त्यात सोन्याचे राजवाडे नाहीत. हातात काठी घेतलेले म्हातारे व म्हाताऱ्या रस्त्याच्या कडेस बसल्या आहेत, आणि मध्ये मुलेमुली खेळत आहेत, एवढेच. पण ती मुले निर्भयपणे खेळतात ह्याचे कारण तेथेच दिसते: त्यांच्याकडे पाहणारे कोणी तरी बसलेले आहे. देवाने आशीर्वादिलेल्या नगराची ही खूण होय.

प्रियजनहो, येत्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ राखून ठेवावी. मोबाइल कोनाड्यात ठेवून लेकरास जवळ बसवावे व विचारावे, 'बाळ, तुला कशाची भीती वाटते का?' आणि ते बोलत असता मध्ये बोलू नये. आपल्या घरांस व आपल्या गावास कठडा करण्याची सुबुद्धी व धीर प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.