खोळंबलेले जहाज आणि रामगिरीचा यक्ष

जहाजात बिघाड झाला, सुटण्याची तारीख पुढे गेली आणि पुढची तारीखही खात्रीची राहिली नाही, अशा वेळी प्रवाशांचा जो संताप उसळतो, त्याची दखल बहुधा ग्राहकहक्क आणि नुकसानभरपाई यांच्या चौकटीत घेतली जाते आणि तेवढ्यावर विषय मिटतो. परंतु त्या संतापाच्या तळाशी भारतीय धर्मविचाराने फार पूर्वीपासून हाताळलेला एक प्रश्न आहे. माणसाला थांबावे लागते हे दुःख आहे, की कुठवर थांबायचे हे कळत नाही हे दुःख आहे? या दोन दुःखांची जात वेगळी असून, पहिल्यासाठी सांगितलेला धीराचा उपदेश दुसऱ्याच्या माथी मारणे हा धर्माच्या नावाखाली चालणारा एक नित्याचा अन्याय आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

या प्रश्नाचा विचार समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या रामटेकपासून सुरू करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. पण भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध अडकलेला माणूस याच टेकडीवर अडकला होता, असे विदर्भ मानतो. नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेली ही टेकडी वाकाटकांच्या काळी रामगिरी या नावाने ओळखली जात होती, आणि रिद्धपूर येथे सापडलेल्या प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटात रामगिरिस्वामीच्या चरणांचा उल्लेख आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. टीकाकार मल्लिनाथ रामगिरीचा अर्थ चित्रकूट असा करतो आणि छत्तीसगडमधील रामगढचाही एक पक्ष आहे. तथापि रामटेकच्या टेकडीवर कालिदासाचे स्मारक उभे राहिले आणि १९९७ साली त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालय याच गावी स्थापन झाले, त्यामुळे लोकमानसात तरी हा वाद निकालात निघाल्यासारखा आहे.

'मेघदूता'चा नायक असलेल्या यक्षाला, कुबेराच्या सेवेत कुचराई केल्याबद्दल, एका वर्षाच्या विरहाचा शाप मिळाला. काव्य सुरू होते तेव्हा त्यातले आठ महिने सरलेले आहेत आणि चार उरले आहेत. विष्णू शेषशय्येवरून उठेल त्या दिवशी, म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशीला, शाप संपणार हे यक्षाला ठाऊक आहे, आणि मेघाबरोबर पत्नीला जो निरोप धाडायचा त्यात तो हा दिवस आवर्जून सांगतो. प्रेमाच्या काव्यात तिथीचे काय काम, असे कोणाला वाटेल. परंतु त्या निरोपातील सर्वांत दिलासा देणारा मजकूर हाच आहे. तिकडे अलकानगरीत त्याची पत्नी उंबऱ्यावर मांडलेली फुले मोजून उरलेल्या महिन्यांचा हिशेब करत असेल, अशी कल्पना कवीने केली आहे. ही फुले मोजता येतात, कारण शापाला संख्या आहे. शेवटच माहीत नसता तर त्या स्त्रीला गेलेले दिवस मोजता आले असते, उरलेले नव्हे. आणि गेलेल्या दिवसांच्या मोजणीतून संताप वाढतो, धीर येत नाही. पुढे टीकाकारांनीही आषाढाच्या पहिल्या दिवसापासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने होतात की चार महिने आणि दहा दिवस, याची चर्चा केली आणि त्यासाठी पाठभेदापर्यंत मजल गेली. दहा दिवसांच्या या काथ्याकुटाला पांडित्याचा अतिरेक म्हणून हसणे सोपे आहे, पण वाट पाहणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो अगदी रास्त आहे.

शापाला, वनवासाला किंवा व्रताला मर्यादा घालण्याची ही रीत एकट्या कालिदासाची नाही. रामाचा वनवास चौदा वर्षांचा, पांडवांचा बारा वर्षांचा आणि त्यावर एक वर्ष अज्ञातवासाचे. व्रताच्या संकल्पात देश आणि काळ यांचा उच्चार आधी होतो, मग व्रत सुरू होते. अर्थात सर्वच मर्यादा तिथीने बांधलेल्या नसतात. अहल्येच्या शापाची समाप्ती रामाच्या आगमनाशी जोडलेली आहे, दिनांकाशी नाही. सोयीसाठी पहिल्या प्रकाराला कालावधी आणि दुसऱ्याला घटनावधी म्हणता येईल: पहिल्यात केव्हा सुटका होणार हे माहीत असते, दुसऱ्यात कशाने सुटका होणार हे माहीत असते. चातुर्मास हा कालावधीचा सर्वांत व्यापक नमुना आहे. पावसाळ्यात संन्याशाने एका जागी राहावे हा नियम वैदिक, जैन आणि बौद्ध या तिन्ही परंपरांनी पाळला, आणि तो जाचक ठरला नाही याचे एक मोठे कारण म्हणजे त्याचा आरंभ आणि शेवट दोन्ही पंचांगात लिहिलेले होते. कोकण किनाऱ्यावरची प्रवासी आगबोटींची वाहतूकही पावसाळ्यात बंद असे. मुंबईतल्या चाकरमान्याला त्या काळात बोटीने गावी जाता येत नसे, तरी त्याबद्दल कोणी बोट कंपनीला शिव्या देत नसे, कारण दर्या कोणत्या दिवसांत बंद आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास तो कसा खुला होतो हे सर्वांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते.

याच्या नेमके उलट उदाहरण २०२४ साली बेलफास्ट बंदरात घडले. 'व्हिला व्ही ओडिसी' हे १९९३ साली बांधलेले जहाज सुमारे साडेतीन वर्षांच्या जगप्रदक्षिणेसाठी ३० मे रोजी निघायचे होते. सुकाणूच्या दांड्यातील आणि गिअरबॉक्समधील बिघाडामुळे ते अडकले आणि सप्टेंबर संपेपर्यंत अडकूनच राहिले. दिवसा प्रवाशांना जहाजावर जाता येई, संध्याकाळी उतरावे लागे, आणि राहण्याजेवणाचा खर्च कंपनी करीत होती. सप्टेंबरच्या अखेरीस जहाजाने धक्का सोडला, तेव्हाही कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी ते बेलफास्टच्या खाडीतच थांबले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खरे मार्गस्थ झाले. प्रवाशांपैकी काहींनी या प्रवासासाठी घरे विकली होती किंवा भाड्याने दिली होती. हा खोळंबा जवळजवळ चार महिन्यांचा, म्हणजे यक्षाच्या उरलेल्या शापाएवढाच भरतो. फरक इतकाच की यक्षाचे चार महिने पहिल्या दिवशीही चारच होते, आणि बेलफास्टमधील प्रवाशांचे चार महिने हे एका आठवड्यानंतर आणखी एक आठवडा असे साठत गेलेले चार महिने होते. भूतकाळात पाहता दोन्ही काळ सारखे दिसतात. भोगताना ते सारखे नव्हते.

जहाजाच्या दुरुस्तीची तारीख ठामपणे सांगणे अवघड असते, हे येथे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सुकाणू किंवा गिअरबॉक्स उघडल्याशिवाय आतील झीज दिसत नाही, एक दोष काढताना दुसरा हाती लागतो, जुन्या जहाजाचे सुटे भाग तयार मिळतीलच असे नसते, सुकी गोदी मोकळी असावी लागते, आणि दुरुस्ती पुरी झाल्यावरही तपासनिसांची मान्यता मिळेपर्यंत प्रवासी घेऊन निघता येत नाही. म्हणजे हा स्वभावतः घटनावधीचा प्रकार आहे. प्रवाशांचा रोष अनेकदा या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करतो आणि वेळापत्रकालाच सत्य मानतो. या बाबतीत मराठी माणसाच्या स्मरणात एक भीषण प्रतिउदाहरण आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावस्येच्या दिवशी, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वादळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी ती सुटली नसती आणि धक्क्यावर प्रवाशांनी आरडाओरडा केला असता, तर तो खोळंबा आज कोणाच्या लक्षातही नसता. न सुटलेले जहाज हा प्रत्येक वेळी अपराध नसतो.

मग दोष कोठे शोधायचा? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. या क्रमात दैव शेवटी येते, याकडे लक्ष दिले पाहिजे. आधीच्या चार कारणांचा हिशेब झाल्यावर जे उरते ते दैव. चारांचा हिशेब टाळण्यासाठी पुढे करायची ती ढाल नव्हे. वादळ दैवाच्या खात्यात जाते, वेळेवर न बदललेला दांडा जात नाही. वाहतूकदारांच्या करारात अपरिहार्य आपत्तीचे जे कलम असते, त्याचा वापर मात्र पुष्कळदा उलट दिशेने होतो, आणि प्रवाशालाही 'नशिबात नव्हते' असे म्हणण्याची सवय असल्यामुळे तो खपून जातो.

येथे भक्तिमार्गाचा आणि वेदान्ताचा आक्षेप विचारात घ्यावा लागतो, कारण तो हलका नाही. शबरीने तिथी न विचारता रामाची वाट पाहिली; पंढरपूरचा विठ्ठल पुंडलिकाच्या एका शब्दावर विटेवर उभा राहिला आणि किती वेळ, असे त्याने विचारले नाही. वेदान्ताने साधकाच्या गुणांत तितिक्षा सांगितली आहे, म्हणजे आलेले दुःख प्रतिकाराविना, चिंतेविना आणि विलापाविना सोसणे. रामटेकशी जोडलेली आणखी एक कथा याच बाजूची आहे. महानुभाव परंपरेनुसार भरूचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव रामयात्रेसाठी रामटेककडे निघाला, वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले, आणि त्या भेटीनंतर त्याचे जीवनच पालटले. पुढे चक्रधरस्वामी म्हणून ज्यांना महाराष्ट्राने ओळखले ते हेच. ठरलेला प्रवास ठरल्याप्रमाणे न होणे ही येथे कृपा ठरली. तेव्हा आठ दिवस जहाज सुटले नाही म्हणून कासावीस होणाऱ्या माणसाने थोडे अंतर्मुख व्हावे, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य नाही असे नाही.

परंतु या उदाहरणांत एक समान गोष्ट आहे, जी आक्षेप घेणारे सहसा सांगत नाहीत. शबरीचे थांबणे तिने पत्करलेले होते, आणि राम येईल हे तिला मतंग ऋषींनी सांगितले होते, ज्यांच्या शब्दावर तिचा विश्वास बसण्यास आयुष्यभराचे कारण होते. विठ्ठल स्वेच्छेने उभा आहे. हरिपाळदेवाने आपली यात्रा आपण सोडली, ती कोणी रद्द केली नव्हती. तितिक्षा हा साधकाने स्वतःकडून अपेक्षावयाचा गुण आहे. ज्याच्यामुळे दुःख झाले त्याने दुःखिताला तितिक्षा शिकवणे हा त्या गुणाचा अपमान आहे.

प्रवाशांच्या मनःस्थितीचे अधिक नेमके वर्णन वेदान्तापेक्षा न्यायशास्त्रात सापडते. न्यायदर्शनाने मानलेल्या सोळा पदार्थांत संशय हा स्वतंत्र पदार्थ आहे. एकाच वस्तूविषयी दोन परस्परविरुद्ध कोटी मनात येणे आणि कोणतीही एक पक्की न होणे म्हणजे संशय. संधिप्रकाशात दूरवर दिसणारी आकृती खांब आहे की माणूस, हे त्याचे ठरलेले उदाहरण. संशय म्हणजे भ्रम नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. नैयायिकांच्या मते विचाराची प्रवृत्तीच मुळी संशयित विषयाच्या ठिकाणी होते, कारण जे अज्ञात आहे त्याविषयी विचार संभवत नाही आणि जे निश्चित आहे त्याला विचाराची गरज नसते. या दृष्टीने पाहता, दर तासाला खिडकीशी जाऊन 'बोट केव्हा सुटणार?' असे विचारणारा प्रवासी अधीर नसून निर्णयाची साधने मागत असतो, आणि त्याला मिळालेल्या उत्तराची किंमत ते उत्तर देणाऱ्यावर अवलंबून असते.

हीच गोष्ट न्यायशास्त्राने शब्दप्रमाणाच्या चर्चेत स्पष्ट केली आहे. शब्द हे ज्ञानाचे साधन केव्हा होते? तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे येथे नातलग नव्हे, तर ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो. भाष्यकार वात्स्यायनाने पुढे जे जोडले आहे ते त्याच्या काळाच्या मानाने धाडसाचे आहे: ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हे लक्षण सारखेच लागू पडते. म्हणजे जहाजाच्या बाबतीत इंजिनखोलीतील तेलकट हातांचा कारागीर आप्त ठरू शकतो आणि गुळगुळीत कागदावर दिलगिरी छापणारे कार्यालय आप्त ठरेलच असे नाही. 'तांत्रिक कारणामुळे विलंब' या शब्दांत जाणणेही दिसत नाही आणि सांगण्याची इच्छाही दिसत नाही. त्याहून वाईट प्रकार आशादायक तारखेचा: पाळता येणार नाही हे माहीत असूनही गर्दी शांत करण्यासाठी दिलेली तारीख संशय दूर करीत नाही, उलट पुढच्या प्रत्येक तारखेचे प्रामाण्य संपवते. तिसऱ्या तारखेला प्रवासी चिडतात ते विलंबामुळे नव्हे, पहिल्या दोन वाक्यांमुळे.

घटनावधीच्या खोळंब्यातही कालावधी देता येतो, आणि व्यवहारात या विचाराचा उपयोग नेमका येथे आहे. जहाज केव्हा सुटेल हे सांगता येत नसेल; परंतु कोणता भाग बिघडला, तो कोठून यायचा आहे, आणि यापुढची माहिती अमुक वारी अमुक वाजता, काही प्रगती झाली नसली तरीही, दिली जाईल, एवढे निश्चित सांगता येते. युरोपीय संघाच्या २०१० सालच्या जलप्रवासी नियमावलीने ठरलेल्या सुटण्याच्या वेळेनंतर ३० मिनिटांच्या आत विलंबाची सूचना देणे आणि सुटण्याची अंदाजी वेळ कळताच ती सांगणे हे वाहतूकदाराचे कर्तव्य ठरवले आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाते, आणि किनाऱ्यावरची जुनी जलवाहतूक नव्याने उभी करण्याची भाषा वरचेवर ऐकू येते. हा व्यवहार चालवणाऱ्यांनी बोटींच्या आणि धक्क्यांच्या खर्चात खरे सांगणाऱ्या एका माणसाचा पगार धरावा, आणि दुरुस्ती करणाऱ्याशी थेट बोलण्याचा अधिकार त्याला द्यावा.