पोशाखाची साक्ष

माझ्या नव्या कादंबरीत एक जर्मन मुलगी आहे. तिचे बोलणेचालणे मी कसेबसे जमवले. पण तिच्या अंगावर घालावे काय, इथे गाडे अडले. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तरणीला १९४२ सालच्या बर्लिनमधल्या बायकांचे कपडे कुठून ठाऊक असणार? म्हणून जुन्या फोटोंची पुस्तके मिळवली आणि दोन महिने भिंग घेऊन बसले. घरच्यांनी चेष्टा केली, ती निराळीच.

पण हा नाद मोठा गोड असतो. आमची आत्या पोलक्याच्या बाहीवरून फोटोचे साल सांगायची. तशी मीही हळूहळू सांगू लागले. खांदे भरलेले, कंबर आवळलेली, झगा गुडघ्याशी संपलेला, म्हणजे युद्धाची वर्षे. जोड्यांचे तळ लाकडाचे किंवा बुचाचे, म्हणजे चामडे सैन्याकडे गेले. झग्याची छाती एका नक्षीची आणि बाह्या दुसऱ्याच कापडाच्या दिसल्या, की तो शौक नव्हे, टंचाई समजावी. नोव्हेंबर १९३९ मध्ये तिथे कपड्यांना रेशनकार्ड आले. माणशी शंभर गुण. त्यांतले चार मोज्यांच्या एका जोडीलाच खर्ची पडत. ‘जुन्यातून नवे करा’ असा सरकारी घोष होता, आणि बायका दोन विटक्या झग्यांचा एक करीत होत्या. हे वाचून मला त्यांची मायाच वाटली. संसार म्हटला की ठिगळे आलीच.

एक पोशाख मात्र मला फार आवडला. त्याला डिर्न्डल म्हणतात. घट्ट चोळी, चुणीदार घागरा, वर एप्रन. मूळचा आल्प्स पहाडातल्या कष्टकरी बायकांचा. नाझींनी त्याला अस्सल जर्मन रक्ताची खूण म्हणून मिरवले. आता गंमत ऐका, तिला गंमत म्हणवत असेल तर. हा पोशाख शहरी बायकांत रूढ करण्यात म्युनिकच्या वालाख बंधूंचा मोठा हात होता, आणि ते ज्यू होते. १९३८ साली त्यांचे दुकान त्यांच्या हातून गेले. त्याच वर्षी साल्झबुर्गच्या पोलिसांनी ज्यूंना असले पोशाख घालण्याचीच बंदी केली.

तरीही मी स्वतःला समजावले, की कापडाला पाप नसते.

मग तो फोटो आला. कुंपणाच्या कठड्यावर ओळीने बसलेल्या मुली, गडद स्कर्ट, पांढरे ब्लाउज, हातांत रानातल्या ब्लूबेरीच्या वाट्या. शेजारी एकजण अ‍ॅकॉर्डियन वाजवतो आहे. वाट्या संपल्या आहेत. एकीने रिकामी वाटी उलटी धरून रडण्याचे सोंग केले आहे. मी ब्लाउजची कॉलर टिपून घेतली, स्कर्टची लांबी टिपून घेतली, आणि ते लाडिक रडणे उचलून माझ्या नायिकेला देऊन टाकले. पान छान उतरले. फोटोखालची ओळ मी दुसऱ्या दिवशी वाचली.

त्या मुली आउश्विट्झच्या छावणीत संदेशवहनाच्या नोकरीला होत्या. जुलै १९४४ मधली ती सहल. छावणीतल्या एका अधिकाऱ्याचा हा आल्बम २००७ साली वॉशिंग्टनच्या संग्रहालयात उजेडात आला. त्याच उन्हाळ्यात हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू गाड्यांत कोंबून नेले गेले. बहुतेक सगळे त्या छावणीत, आणि त्यांतल्या बहुतेकांना उतरताक्षणीच मारले गेले. आणि मी कॉलर पाहत होते!

त्यानंतर भिंग हाती धरवेना. त्याच छावणीत कमांडंटच्या पत्नीने शिवणघर काढले होते. कैदी बायका तिथे अधिकाऱ्यांच्या घरांतल्या बायकांसाठी झगे शिवीत. मेलेल्यांच्या सामानातले कापड त्यात वापरले जाई. सप्टेंबर १९४२ चा एक लेखी हुकूमही आहे: मारलेल्यांचे कपडे जर्मन वसाहतकऱ्यांकडे पाठवण्यापूर्वी त्यांवरचे पिवळे तारे निघाले आहेत ना, हे नीट तपासावे. किती घरगुती काळजी! जुन्याचे नवे करताना आपणही आधी टाकेच उसवतो.

मग फोटोतल्या एखाद्या गृहिणीचा तो बेतशीर कोट कुठला? तिने ठिगळ लावले की कुणाचे नाव उसवले? फोटो हे सांगत नाही. तिला विचारले असते, तर तिने तरी सांगितले असते का? स्वस्तात मिळालेल्या वस्तूला आपण फार प्रश्न विचारत नाही. मीही विचारीत नाही.

शाळेतल्या एका बाईंनी सल्ला दिला, ‘ते हसणे काढून टाका, राक्षसिणीला शोभत नाही.’ पण ते हसणे खरे आहे, अडचण हीच आहे. सहलीत जांभळे संपली की आमच्या नववीच्या मुली अगदी तसेच तोंड करतात. ते खोडले, तर मी वाचकाला खोटेच सांगेन, की असली माणसे पाहताक्षणी ओळखू येतात. मला कुठे आली?

हसणे ठेवले आहे. फक्त पुढच्या पानावर तिला एक जुना कोट दिला आहे, चांगल्या लोकरीचा. डाव्या छातीवर सहा टोकांची एक जागा बाकीच्या कापडाइतकी विटलेली नाही. ती आरशासमोर उभी आहे. ती जागा तिला दिसते की नाही, ते वाक्य अजून लिहून व्हायचे आहे.