पाहणाऱ्यांचा आजार

मी माझी फिट अजून पाहिलेली नाही. तीस वर्षं होत आली, पण ती कशी दिसते हे मला ऐकूनच माहीत आहे.

पहिली आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावी, ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. हातातली शेंग आठवते. त्यानंतर आठवतं ते माळवदाचं लाकूड, तोंडात रक्ताची चव, अंगातलं हाड न् हाड ठेचल्यासारखं दुखणं आणि वर वाकलेली पंधरा-वीस तोंडं. आजी रडत होती. एका बाईच्या हातात फोडलेला कांदा, कोणाच्या तरी हातात चप्पल, माझ्या मुठीत घराच्या किल्ल्या कोंबलेल्या. या दोन आठवणींच्या मधलं जे काही होतं ते सगळ्या ओसरीने पाहिलं. मी तेवढी तिथे नव्हते.

ताप आला की तो आपल्याला कळतो, पोट दुखलं तर कुठे दुखतं ते आपण बोटाने दाखवतो. या आजारात मात्र ज्याला होतो तोच साक्षीदार नसतो. त्याबद्दल जे काही माहीत असतं ते बघणाऱ्यांचं. आमच्याकडची नावंसुद्धा बघणाऱ्यांनीच ठेवलेली. अंग आकडतं म्हणून आकडी, बाकी मिरगी, फेफरं, झटके, फिट. एकच शब्द मला वेगळा वाटत आला आहे, तो जुना संस्कृत शब्द अपस्मार. स्मृती निघून जाणं. ज्याने हा शब्द केला त्याने पडलेल्या माणसाच्या तोंडाच्या फेसापलीकडे जाऊन, त्या माणसाचं काय हरवलं ते विचारलं असणार.

हे सगळं मला फार उशिरा सुचलं. अकराव्या वर्षी माझ्याबद्दलची कल्पना गावाने ठरवली होती, आणि ती अशी की पोरीला काहीतरी लागलंय.

तेव्हा मला सैलानीला नेलं. पिंपळगाव सराईजवळचा सैलानीबाबांचा दर्गा आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावा लागत नाही. होळीच्या यात्रेला तिथे नारळांची होळी पेटते, राज्याबाहेरूनही लोक येतात, हिंदू येतात, मुसलमान येतात, आणि घरात ज्याचं काही समजेनासं झालंय असा माणूस बरोबर घेऊन येतात. आम्ही ताडपत्रीखाली पाच रात्री काढल्या. ढोल, धूर, गर्दी, झोप जवळजवळ नाहीच, आणि नवस म्हणून मायने मला उपास धरायला लावलेला. त्या पाच रात्रींत मला दोनदा फिट आली. दर्ग्यांवर अशा अवस्थेला हाजरी म्हणतात. आत जे आहे ते बोलायला लागलं, बाहेर निघायला लागलं, असा त्याचा अर्थ. माय त्या दोन्ही वेळा रडत रडत हसली, असं मला नंतर सांगितलं गेलं.

पुढे डॉक्टरांकडून कळलं की झोपमोड हे फिट येण्याच्या सगळ्यात ओळखीच्या कारणांपैकी एक आहे. म्हणजे जे आम्ही उपाय म्हणून करत होतो तेच फिटेला बोलावत होतं, आणि ती आली की उपाय लागू पडतोय असं आम्ही समजत होतो. कांद्याचंही तेच. बहुतेक मोठ्या फिटा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून, फोडून, नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ जातोच. त्यामुळे कांदा प्रत्येक वेळी यशस्वी होतो. चप्पलही होते, लोखंडही होतं. गावातल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरच विश्वास ठेवला होता, त्यांना मी अडाणी म्हणू शकत नाही. त्यांनी पाहिलं ते खरं होतं, लावलेला अर्थ चुकला.

आणि सैलानीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गावात मला फिट आली की शेजारच्या बाया आपली लेकरं आत ओढून घ्यायच्या. तिथे कोणी सरकलं नाही. समोरच्या पालातली एक बाई मला पाणी पाजायची, स्वतःच्या पदराने तोंड पुसायची. तिचा तरुण मुलगा पायात साखळी घालून खांबाला बांधलेला होता. त्याला काय होतं हे माझ्या मायने तिला विचारलं तेव्हा तिने जे वर्णन केलं ते हुबेहूब माझं होतं. त्याला साखळी का आणि मला का नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ आग लागून साखळदंडात अडकलेली २८ माणसं जळून गेली, ती बातमी मी वाचली तेव्हा मला त्या मुलाचा पाय दिसला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने, साखळीने बांधून मारणं, मिरच्यांची धुरी देणं, चप्पल भिजवलेलं पाणी पाजणं हे सगळं लिहिलेलं आहे. कायद्याची भाषा कोरडी असते म्हणतात, पण ही यादी वाचताना माझा हात थरथरला. तिच्यातला एक प्रकार माझ्यावर झालेला आहे.

मोठी झाल्यावर मी वाचायला लागले तेव्हा मला वाटलं होतं की जुन्या ग्रंथांत सगळी भुतंच सापडतील. तसं नव्हतं. चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार सांगितले आहेत, वात, पित्त, कफ आणि तिन्ही मिळून होणारा. म्हणजे हा शरीराचा रोग धरलेला आहे, त्याला औषध आहे. नाकात तीक्ष्ण औषध घालणं, धुरी देणं हेही त्यात येतं, आणि आमचा कांदा हा त्याच उपचाराचा वाट चुकलेला वंशज असावा असा माझा अंदाज आहे. पण मला थांबवलं ते चिकित्सेच्या शेवटी आलेल्या एका सूचनेने. अशा रोग्याला पाणी, आग, झाड आणि डोंगर यांपासून सतत जपावं, ती तत्काळ जीव घेणारी ठिकाणं आहेत, अशा अर्थाचं ते आहे. मी ते वाचून मायला फोन केला. विहिरीवर जायचं नाही, चुलीपुढे एकटीने बसायचं नाही, आंब्यावर चढायचं नाही, बोथ्याच्या घाटात गाडी थांबली तर दरीच्या कडेला उभं राहायचं नाही. चौथी शिकलेल्या माझ्या मायने स्वतः केलेली ही यादी होती, आणि तिच्यात चरकाची चारही ठिकाणं होती.

तिकडे ग्रीसमध्ये, इसवी सनापूर्वी चारशेच्या आसपास, हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या कोणा वैद्याने याच रोगावर पुस्तक लिहिलं. लोक याला पवित्र रोग म्हणत. तो म्हणाला, हा इतर रोगांहून जास्त दैवी नाही, याचं मूळ मेंदूत आहे. इतकं स्पष्ट सांगून झालं होतं, आणि तरी पुढची दोन हजार वर्षं माणसं भूतच बघत राहिली. विचार एकदा मांडला की तो रुजतो असं आपण धरून चालतो, या आजाराने माझा तो समज मोडला.

मेंदूत म्हणजे नेमकं काय, हे सांगायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन रोग्याजवळ बसून बघत राहायचे. आधी अंगठा हलतो, मग हात, मग तोंडाचा कोपरा. झटका अंगावरून चालत कसा जातो याची नोंद ते करत. त्यावरून त्यांनी १८७३ मध्ये सांगितलं की मेंदूच्या करड्या भागातून अचानक, अवाजवी जोराने ऊर्जा सुटते तेव्हा असं होतं. त्यांच्या पत्नीलाही असे झटके येत. ती १८७६ मध्ये गेली. वैद्यकाच्या इतिहासात ही एक ओळ असते, मी मात्र तिथेच अडकते. ज्याने इतक्या काळजीने पाहिलं त्याच्या घरातही तेच चाललेलं होतं. पुढे १९२९ मध्ये जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख प्रसिद्ध केला, आणि पहिल्यांदाच बघणाऱ्याच्या डोळ्यांवाचून या गोष्टीचा माग काढता येऊ लागला. गोळ्यांचा इतिहास लहान आहे. १९१२ मध्ये फिनोबार्बिटल, १९३८ मध्ये फेनिटॉइन, मग साठच्या दशकात आणखी दोन-तीन. फिनोबार्बिटल अजूनही चालतं आणि स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पाच कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट औषध मिळालं तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिटा थांबू शकतात.

माझी पहिली गोळी औरंगाबादला सुरू झाली, दोन वर्षं वाया गेल्यावर. डॉक्टरांनी मला जवळजवळ काहीच विचारलं नाही. ते मायकडे वळले. मान आधी कुठल्या बाजूला वळते? डोळे उघडे असतात का? कुठला हात आधी? किती वेळ? मायला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. वेळ तिने "पंधरा मिनिटं तरी" सांगितली. ती प्रत्येक वेळी कांदा शोधत होती, बघितलं कुठे होतं? परतीच्या एसटीत ती गप्प होती. घरी आल्यावर तिने बाबांचं मनगटी घड्याळ ओसरीच्या खिळ्याला लटकवलं आणि माझी अर्धी कोरी वही घेतली.

ती वही माझ्याकडे आहे. "उजवी बोटं आधी. मान उजवीकडे. दीड मिनट. मंग झोपली." अशा ओळी, तारखेसकट. माझ्या आयुष्यातल्या ज्या मिनिटांत मी नव्हते ती सगळी त्यात आहेत. तिच्यामुळे डॉक्टरांनी औषध बदललं आणि ते लागू पडलं.

त्याच दवाखान्यात बाकावर भेटलेल्या एका वारकरी काकांच्या डोक्यात तपासणीत जंताची गाठ निघाली होती. ते माळकरी, मांसाला शिवलेले नाहीत, त्यामुळे ते पार हादरले होते. पण डुकरांच्या मांसातून माणसाच्या पोटात वाढणाऱ्या त्या जंताची अंडी विष्ठेतून मातीत जातात, आणि न धुतलेल्या सांबारातून म्हणजे कोथिंबिरीतून, पालेभाजीतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. आपल्या देशात फिटेचं हे मोठं कारण आहे, आणि टाळता येण्यासारखं. बाहेरून काहीतरी आत शिरतं ही गावाची समजूत त्यांच्या बाबतीत एका अर्थाने खरी होती. फक्त ते शिरण्याची वाट हागणदारीतून जात होती.

फिट म्हणजे दोन मिनिटं. उरलेला वेळ कसा जातो हे कमी लोक विचारतात. मी आजवर न्हाणीघराला आतून कडी लावलेली नाही. चतुर्थीला, नवरात्रात सगळ्या उपाशी आणि जाग्या असतात, मी जेवून गोळी घेऊन साडेनऊला झोपते आणि सासरच्या बायकांना ते दरवर्षी नव्याने सांगते. शेवटची फिट नऊ वर्षांपूर्वी आली, तरी बाजारात उन्हाने घेरी आल्यासारखं झालं की मी आधी बसायला जागा बघते. साडी नीट आहे का बघते. पडल्यावर लोक काय बघतील याचा विचार पडण्याच्या भीतीपेक्षा आधी येतो.

आणि लग्न. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीपासून वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटके लिहिलेले होते. असा माणूस लग्नाला अपात्र, आणि तेवढ्यावर लग्न रद्द ठरवून घेता येत असे. १९९९ मध्ये दुरुस्ती होऊन तो शब्द काढला गेला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि आमच्या गावात ही बातमी कोणाला कळली नाही. २००८ मध्ये माझ्यासाठी स्थळं बघताना एका मध्यस्थाने बाबांना सांगितलं की कायद्यानेच मनाई आहे, तर गप्प बसा. बाबा गप्प बसले नाहीत. तीन स्थळं परत गेली. चौथ्या मुलाने एकच विचारलं, "आली तर मी काय करायचं?" मायने त्याला वही दाखवली.

पुण्यात लेखक अनिल अवचटांची मुलगी यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार भोगून पुढे 'संवेदना' ही संस्था उभी केली, तिथे फिट येणारी माणसं आणि त्यांच्या घरचे एकमेकांशी उघडपणे बोलतात. मला हे कळलं तेव्हा हेवा वाटला. आमच्याकडे, घाटावर काय न् घाटाखाली काय, बोलण्याची अशी जागा मी तरी पाहिली नाही. ज्यांना येते ते लपवतात, म्हणून ज्यांनी बघायला शिकायचं ते शिकत नाहीत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात चौथीतला एक मुलगा पाढे म्हणता म्हणता बाकावरून घसरला. माझ्या जन्मात मी पहिल्यांदा फिट पाहिली. ती भयंकर दिसते. मला कोणी हे सांगितलं नव्हतं, किंवा सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मला कळलं नव्हतं. एक क्षण मला तिथून पळावंसं वाटलं, आणि लेकरं आत ओढून घेणाऱ्या बाया मला त्या क्षणी समजल्या. पोरं खिचडीच्या खोलीकडे धावली आणि स्वयंपाकाच्या मावशी कांदा घेऊन आल्या. मी त्यांना हाताने थांबवलं, पोराचं दप्तर डोक्याखाली सरकवलं, बाक दूर ढकलायला लावले, त्याला कुशीवर वळवलं. तोंडात काही घातलं नाही. मग घड्याळाकडे बघत बसले. डावा हात आधी हलला होता. एक मिनिट चाळीस सेकंद.

तासाभराने तो ऑफिसात माझ्या शेजारी बसून पाणी पीत होता. त्याची माय शेतातून निघाली होती, अजून पोचली नव्हती. "मॅडम, मी काय केलं?" त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं, क्रमाने. कुठला हात, मान कुठे, चड्डी ओली झाली तेही, आणि कोणी हसलं नाही तेही, कारण खरंच कोणी हसलं नव्हतं. तो नीट ऐकत होता, दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसा.

"मंग तुम्ही घड्याळ काऊन पाहत होत्या? पोट्टे सांगू राहिले."

मी टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली आणि त्याच्या मायची वाट बघत बसले.